मदत हवी आहे: वडिलांचे दिवसभराचे बसणे आणि रात्रीची मोडणारी झोप

सप्रेम नमस्कार. माझे वडील पंच्याहत्तरीचे असून गुडघेदुखीमुळे त्यांचे फिरणे सकाळी सोसायटीच्या आवारातल्या एखाद्या फेरीपुरते उरले आहे. बाकीचा दिवस आरामखुर्ची, वर्तमानपत्र आणि टीव्ही यांत जातो, मधूनमधून खुर्चीतच डुलकीही लागते. रात्री मात्र ते वारंवार लघवीला उठतात आणि पहाटे चारनंतर टक्क जागे असतात. मधुमेह व प्रोस्टेट यांच्या तपासण्या ठीक आल्या आहेत. पाय खाली सोडून तासन्‌तास बसल्याने पायांत साचलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परतते आणि रात्री लघवी वाढू शकते, असे डॉक्टरांनी सांगितले. हे कारण आम्हाला सुचलेच नसते. झोपेच्या गोळीने तोल जाऊन पडण्याचा धोका असल्याने तो मार्ग तूर्त नको आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांत 65 वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे, पण दुखऱ्या गुडघ्यांना ती एकदम झेपणारी नाही. ज्यांच्या घरी अशी परिस्थिती आहे त्यांनी कृपया सांगावे: बसणे मधूनमधून मोडण्यासाठी खुर्चीतले कोणते व्यायाम उपयोगी पडले, ते सकाळच्या उन्हात करावेत की सायंकाळी, आणि दुपारची डुलकी, वडीलधाऱ्यांना न दुखावता, कशी कमी करता आली?