मदत हवी आहे: नॅनोक्रिस्टल्स रांगेत बसतच नाहीयेत

चाचणीनळी:
तीन आठवडे झाले, डोकं फिरायची वेळ आलीये. लोह ऑक्साइडचे नॅनोक्रिस्टल्स (अतिसूक्ष्म स्फटिककण) केलेत. कण छान गोल आलेत, पण सुपरलॅटिस (कणांची आखीव, स्फटिकासारखी रांग) काही होत नाही. ग्रिडवर (नमुन्याच्या बारीक जाळीवर) थेंब टाकते, वाळवते, टीईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) बघते तर नुसते पुंजके. कुठे तीन थर, कुठे मोकळं मैदान. पेपरांतल्या चित्रांत कसे पोळ्यातल्या घरांसारखे बसलेले असतात! सगळं प्रोटोकॉलप्रमाणे केलंय. शुक्रवारी गाइडना चित्र दाखवायचंय. कृपया ‘आधी वाचन वाढवा’ म्हणू नका, वाचलंय.

उंटावरचा_शहाणा:
थेंब कशाचा? कणांचा आकार किती? कणांवर लिगँड (कणांना चिकटलेल्या रेणूंचं आवरण) कुठलं? वाळायला किती वेळ लागतो? ‘सगळं प्रोटोकॉलप्रमाणे’ यातून आम्हाला काय कळणार?

चाचणीनळी:
ओलेइक आम्ल, अर्थातच. हेक्झेनमध्ये. १० नॅनोमीटरच्या आसपास.

उंटावरचा_शहाणा:
त्या ‘आसपास’मध्येच घोळ असतो. लहानमोठेपणा किती टक्के? ५ टक्क्यांच्या आत असेल तर रांग लागते, १० च्या पुढे गेला की नाद सोडा. पिशवीत लहानमोठ्या गोट्या भरून हलवून बघा, कधी नीट बसतात का.

चाचणीनळी:
डीएलएसमध्ये (विखुरलेल्या प्रकाशावरून आकार मोजतात त्यात) एकच शिखर आलंय, तेही निमुळतं.

उंटावरचा_शहाणा:
डीएलएसवर कसला विश्वास ठेवता! विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता व्यासाच्या सहाव्या घातानं वाढते, त्यामुळे चार मोठे कण बाकीच्यांना झाकून टाकतात. वर लिगँडचं आवरणही त्या मापात धरलं जातं. टीईएमच्या चित्रांवरून दोन-तीनशे कण हातानं मोजा.

गोटीबहाद्दर:
आकाराचं राहू द्या हो, मूळ दुखणं हेक्झेनचं आहे. ६९ अंशांना उकळणारं द्रावक, ग्रिडवर टाकताच उडून जातं. कणांना जागा शोधायला वेळ कुठे मिळाला? थेंबाच्या कडेला द्रव लवकर उडतो, आतला द्रव तिकडे ओढला जातो आणि सगळा माल कडेच्या कड्यात जमतो. १९९७ साली डीगन आणि मंडळींनी हे छान उलगडलंय. टोल्युइन घ्या (१११ अंश) किंवा ऑक्टेन (१२६), आणि वरून काचेचं झाकण ठेवा.
त्याहून चांगला मार्ग म्हणजे टेफ्लॉनच्या छोट्या खळग्यात डायएथिलीन ग्लायकॉल भरायचं, त्यावर हेक्झेनमधले कण अलगद सोडायचे, वर काच ठेवायची. हेक्झेन ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही. ते सावकाश उडतं आणि वर तरंगती साय राहते, ती ग्रिडनं खालून उचलायची. मरे यांच्या गटानं २०१० साली दोन प्रकारच्या कणांच्या मिश्र सुपरलॅटिसचे पडदे असेच केले होते.

साखरझोप:
हे सगळं कशाला? डीएनए लावा कणांना. १९९६ मध्येच मिर्किन आणि अलिविसाटोस यांच्या गटांनी सोन्याचे कण डीएनएनं जोडून दाखवलेत. कोण कुणाशेजारी बसणार हे तुम्ही ठरवणार.

गोटीबहाद्दर:
तिचे कण तेलकट, तुमचं डीएनए पाण्यातलं. आधी अख्खं आवरण बदलावं लागेल. शुक्रवार कुठला हे मात्र सांगून ठेवा.

साखरझोप:
मी पर्याय सांगितला, सक्ती केली नाही.

सहज_डोकावलो:
विषय माझा नाही, पण क्वांटम डॉटवाल्या (चमकणाऱ्या नॅनोकणांच्या) टीव्हीत हेच असतं ना? २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल बवेंडी, ब्रस आणि एकिमोव्ह यांना त्यासाठीच मिळालं. कण जेवढा लहान तेवढा रंग निळ्याकडे सरकतो. कुणाला टीव्हीबद्दल विचारायचं असेल तर विचारा.

कुंपणावरची:
टीव्हीत रांग लागत नाही, एकेक कण सुटा चमकला की काम झालं. पण बवेंडींचा उल्लेख अगदीच अस्थानी नाही. मरे, कागन आणि बवेंडी यांनी १९९५ साली कॅडमियम सेलेनाइडच्या कणांचे त्रिमितीय सुपरलॅटिस दाखवले होते.

सहज_डोकावलो:
मग ओपल खड्यातले रंगही यातलेच का?

कुंपणावरची:
ओपलमध्ये सिलिकाचे गोळे दीड-दोनशे ते तीनशे नॅनोमीटरचे. तेवढ्या अंतरावरून दिसणारा प्रकाश विवर्तन पावतो म्हणून रंग खेळतात. नळीताईंचे कण १० चे, त्यांच्या रांगेतून तसे रंग यायचे नाहीत. रचना तीच, माप वेगळं.

लोहचुंबक:
लोह ऑक्साइड आहे ना? ग्रिडखाली चुंबक ठेवा. आपोआप ओढले जातील.

उंटावरचा_शहाणा:
आणि माळा होतील. तिला चादर हवीये, माळ नकोय.
मुळात ओढाओढीनं स्फटिक होतो हा समजच काढून टाका. अजिबात आकर्षण नसलेले टणक गोलही दाटी झाली की रांगेत बसतात, कारण रांगेत प्रत्येकाला हालायला जास्त जागा मिळते. एंट्रोपी (शक्य मांडण्यांचं माप) वाढते म्हणून शिस्त येते! आल्डर आणि वेनराइट यांनी १९५७ मध्येच संगणकावर हे दाखवलं. ४९.४ टक्के जागा व्यापली की स्फटिक धरायला लागतो, ५४.५ च्या वर सगळंच गोठलेलं.

गोटीबहाद्दर:
ते संगणकातल्या गोलांचं झालं. इथल्या कणांवर दोनेक नॅनोमीटरची केसाळ शाल आहे, गाभ्यांमध्ये व्हॅन डर वाल्स आकर्षण आहे, वाळताना केशाकर्षण आहे. तुमचे टणक गोल ग्रिडवर वाळवले होते का कुणी?

उंटावरचा_शहाणा:
प्युसी आणि व्हॅन मेगन, १९८६. खरे कण, खरा द्रव.

गोटीबहाद्दर:
कुपीतल्या द्रवात! वाळवले नव्हते! मी वाळवण्याबद्दल बोलतोय.

चाचणीनळी:
मला एंट्रोपी नकोय, चित्र हवंय.
कण मोजले. २४० कण, सरासरी १०.४, विचलन ०.६. म्हणजे पावणेसहा टक्के ना? आणि टोल्युइनमध्ये झाकून वाळवलं. एक तास लागला. पुन्हा पुंजकेच.

कुंपणावरची:
पावणेसहा काठावर आहे, पण त्यात अगदीच पुंजके व्हायला नकोत. कण धुतलेत किती वेळा?

चाचणीनळी:
सहा. प्रत्येक वेळी इथेनॉल घालून सेंट्रिफ्यूज, शेवटच्या दोन वेळा अॅसिटोन. स्वच्छ हवेत ना? यात सांगण्यासारखं काय आहे?

कुंपणावरची:
सापडलं बहुतेक. दर धुण्यात थोडं थोडं ओलेइक निघून जातं आणि सहाव्या धुण्यापर्यंत कणांना टकलं पडतात. उघड्या जागा एकमेकींना भिडल्या की कायमच्या चिकटतात, मग द्रावण कितीही सावकाश वाळवा. म्हणजे पुंजके ग्रिडवर होत नाहीयेत, ते कुपीतच तयार आहेत. माझं एक अख्खं सत्र यात गेलं. मला वाटायचं, जितकं स्वच्छ तितकं चांगलं.
खात्री करून घ्या. ०.२ मायक्रॉनच्या पीटीएफई फिल्टरमधून थोडं द्रावण ढकला. कण सुटे असतील तर फिल्टर जवळजवळ पांढरा राहतो.

चाचणीनळी:
फिल्टर तपकिरी झाला. शेवटी दट्ट्या पुढे जाईना. खाली आलेलं द्रावण फिकट.

कुंपणावरची:
मग हेच. पूर्ण चिकटलेले परत सुटायचे नाहीत. आधीच्या, कमी धुतलेल्या मालातला काही शिल्लक असेल तर तो घ्या, ओलेइकचा अगदी थोडा अंश घाला, अल्ट्रासोनिकमध्ये ठेवा, फिल्टर करा आणि मग वाळवा.

गोटीबहाद्दर:
ओलेइक जास्त झालं तर ते वाळत नाही, ग्रिडवर तेल बसतं. अगोदरच सांगून ठेवतोय.

साखरझोप:
डीएनएला तेलाचा प्रश्न नसतो.

चाचणीनळी:
शुक्रवार गेला. गाइडना फिल्टरच दाखवला, ते हसले.
आज नवी ग्रिड बघितली. दोनदा धुतलेला माल, टोल्युइन, झाकण, थेंबभर ओलेइक. एका कोपऱ्यात षटकोनी चादर आहे! एफएफटीमध्ये (चित्रातली पुनरावृत्ती टिंबांत दाखवणाऱ्या गणितात) सहा टिंबं स्वच्छ दिसली, त्यांच्या बाहेर आणखी सहा पुसट. बाकी सगळीकडे करडी तेलकट साय, बीम स्थिर ठेवला की जागा काळवंडते.

गोटीबहाद्दर:
सांगितलं होतं.

कुंपणावरची:
आता तोच माल इथेनॉलनं धुवा, पण एकदाच. अॅसिटोन नको.

उंटावरचा_शहाणा:
कणांचं प्रमाण किती आहे हे अजून सांगितलेलं नाही. मिलिलिटरला किती मिलिग्रॅम?

चाचणीनळी:
नेहमीचंच.