टेक्सासच्या अंधाराचं बिल पवनचक्क्यांच्या नावावर फाडणं बंद करा

गारठलेला
परवा इथे एकाने ठासून लिहिलं की फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासची वीज गेली ती पवनचक्क्या गोठल्या म्हणून, आणि वर हेही की थोडा वेळ हीटर बंद राहिला तर लोकांनी एवढा कांगावा कशाला केला. वाचून डोकं सणकलं. तिथे उत्तर लिहायला घेतलं ते लांबतच गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

आधी कांगाव्याबद्दल. सरकारी आकड्याप्रमाणे त्या हिमवादळात २४६ माणसं गेली आणि त्यातली जवळपास दोन तृतीयांश गारठून गेली, कित्येक तर स्वतःच्या घरात. याला कांगावा म्हणणाऱ्याशी काय बोलायचं.

आता पवनचक्क्या. गोठल्या, कोण नाही म्हणतंय. पण नोव्हेंबर २०२१ चा फेडरल चौकशी अहवाल काढून बघा, वीजनिर्मितीचे जे संच अचानक बंद पडले, कमी चालले किंवा सुरूच झाले नाहीत त्यातले ५८ टक्के गॅसवरचे होते. अणुऊर्जेचा संच सुद्धा पडला, साउथ टेक्सास प्रोजेक्टचा एक नंबर. कशाने? वाफेसाठी पाणी पुरवणाऱ्या (फीडवॉटर) पंपाचा दाब मोजणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यातलं पाणी गोठलं, दाबाचं रीडिंग चुकीचं गेलं आणि यंत्रणेने आपोआप संच बंद केला. हजार मेगावॉटच्या वर वीज गेली ती नळीपायी! अशा नळ्यांना इन्सुलेशन आणि हीट ट्रेसिंगची म्हणजे नळी गरम ठेवणारी वायर गुंडाळायची असते, त्याला काही मोठी विद्या लागत नाही. २०११ च्या फेब्रुवारीत हेच झालं होतं, तेव्हाही अहवाल आला, थंडीची तयारी करा म्हणून सांगितलं, पण सक्ती कोणी केली नाही. टेक्सासच्याच एल पासो शहराने तेव्हा धडा घेऊन पैसे घातले आणि २०२१ ला तिथे फारशी वीज गेलीच नाही.

फ्यूजवायर
चीड समजू शकतो, पण ५८ टक्के तोंडावर फेकायच्या आधी हेही सांगा की तिथे गॅसचे संच मुळातच जास्त आहेत, मग बंद पडणारे पण तेच जास्त असणार. आणि एल पासो टेक्सासच्या ग्रिडवर नाहीये, ते पश्चिमेच्या ग्रिडला जोडलेलं आहे, अर्धी गोष्ट सांगू नका. तिथली वीज केंद्रं उघड्यावर बांधलीत ती कोणाच्या मूर्खपणाने नाही, तिथल्या उन्हाळ्यात बॉयलर चार भिंतीत कोंडला तर आत माणूस उभा राहू शकत नाही. अशी थंडी दहा वर्षांतून एकदा येते, तिच्यासाठी सगळ्यांच्या बिलात कायमचा बोजा टाकायचा का, या प्रश्नाला कोणी हात लावत नाही.

आणि एरकॉटच्या, म्हणजे टेक्सासचं ग्रिड चालवणाऱ्या संस्थेच्या, कंट्रोल रूममधल्यांना जो उठतो तो शिव्या घालतो. १५ फेब्रुवारीला पहाटे दोनच्या सुमारास फ्रिक्वेन्सी ६० वरून ५९.३ हर्ट्झवर आली होती. ५९.४ च्या खाली नऊ मिनिटं राहिली असती तर उरलेले संच पण स्वतःला वाचवायला सुटले असते आणि अख्खं ग्रिड बसलं असतं. ती चार मिनिटांहून जास्त तिथे होती. त्या माणसांनी लोड तोडला, म्हणजे मुद्दाम काही भागांची वीज बंद केली, म्हणून वाचलं, नाहीतर ब्लॅक स्टार्टला, म्हणजे शून्यातून ग्रिड परत उभं करायला, आठवडे गेले असते.

गारठलेला
कंट्रोल रूमला मी एक शब्द बोललेलो नाही, परत वाचा. आणि गॅसचे संच जास्त आहेत म्हणता ना, मग भिस्त त्यांच्यावरच होती, हिवाळ्याच्या नियोजनात वाऱ्याकडून फार अपेक्षा धरलीच नव्हती. ज्याच्यावर भिस्त तोच पडला, जबाब त्यालाच विचारणार. दहा वर्षांतून एकदा म्हणता, १९८९, २०११, २०२१. दर वेळी आश्चर्य कसलं वाटतं?

आजीचीगोधडी
ग्रिड वाचलं हे ठीक आहे हो फ्यूजवायर, पण लोक त्याला रोलिंग ब्लॅकआउट, म्हणजे आळीपाळीने वीज बंद, का म्हणतात? आमच्याकडे सलग अंधार होता. बाळ अंगावर पिणारं, आम्ही सगळे एका खोलीत, दाराच्या फटीत टॉवेल कोंबलेले, बाळाचे हात इतके गार की दर थोड्या वेळाने मी त्याला हलवून बघत होते. आणि खिडकीतून लांब डाउनटाउनचे ऑफिस टॉवर दिसत होते, सगळे मजले उजळलेले, आत चिटपाखरू नाही. पॉवर कंपनीला फोन केला तर रेकॉर्डिंग लागायचं. हे मी विसरणार नाहीये.

सबस्टेशन
ताई, तुम्ही जे भोगलंत त्याला उत्तर नाही, पण ते टॉवर का चालू होते ते सांगतो, वितरणात उभी हयात गेली माझी. एरकॉटने सगळ्या कंपन्यांना मिळून शेवटी २०,००० मेगावॉट तोडायला लावले. हॉस्पिटलं, पाणीपुरवठ्याचे पंप यांचे फीडर, म्हणजे सबस्टेशनातून निघणाऱ्या लाइनी, तोडता येत नाहीत, डाउनटाउन बहुतेक त्याच सर्किटांवर असतं. उरतात वस्त्यांचे फीडर, ते एकूण एक तोडले तेव्हा कुठे आकडा गाठला. आळीपाळीने फिरवायचे कशाशी? एक चालू करायला दुसरा बंद करावा लागतो आणि बंद करायला दुसरा उरलेलाच नव्हता. शिवाय गारठलेला फीडर परत चालू केला की सगळ्या घरांचे हीटर एकदम ओढायला लागतात, नेहमीच्या दुप्पट लोड येतो आणि ब्रेकर परत पडतो.

खरा संताप यायला हवा तो दुसऱ्याच गोष्टीचा. तोडलेल्या फीडरवर गॅसचे कॉम्प्रेसर आणि विहिरी पण होत्या, कारण 'आमचा लोड अत्यावश्यक आहे' असा साधा फॉर्म त्यांनी भरलेला नव्हता. वीज गेली, गॅस थांबला, गॅस थांबला म्हणून आणखी संच पडले.

वाट्टेलते
हे सगळं ठीक, पण मूळ रोग कोणी बोलत नाही. टेक्सासमधली निम्म्याहून जास्त घरं विजेवर तापतात. गॅसची फर्नेस (घर तापवणारी भट्टी) असती तर ही वेळच आली नसती. आता तर हीट पंप (बाहेरची उष्णता आत आणणारं, उलट्या एसीसारखं विजेचं यंत्र) बसवा म्हणून सबसिडी पण देतायत!

आजीचीगोधडी
आमच्याकडे गॅसचीच फर्नेस होती. ब्लोअर विजेवर चालतो, इग्निशन विजेवर, बोर्ड विजेवर. गॅस पाइपात होता आणि आम्ही गारठत होतो.

वाट्टेलते
मग छोटा जनरेटर ठेवायचा, ब्लोअरला किती लागते. हीट पंप त्यावर चालवून दाखवा.

सबस्टेशन
जनरेटर बोलताना जपून बोला, त्या थंडीत गॅरेजमध्ये जनरेटर नाहीतर गाडी चालू ठेवून कार्बन मोनॉक्साइडने अख्खी कुटुंबं गेली.

उलटा पंखा
हीट पंपाला शिव्या देणाऱ्यांनी कधी पॅनेल उघडून बघितलंय का? तो स्वतः खातो तीन-चार किलोवॉट. खरा राक्षस म्हणजे मागे लावलेली हीटर स्ट्रिप, दहा ते पंधरा किलोवॉट, म्हणजे नुसत्या टोस्टरच्या तारा. जुना, स्वस्तातला हीट पंप कडाक्यात दमतो आणि थर्मोस्टॅट 'ऑक्स' वर, म्हणजे त्या स्ट्रिपवर, जातो. लाखो घरं एकाच पहाटे ऑक्सवर गेली, मागणी त्याने फुगली. थंड प्रदेशासाठी बनवलेले हीट पंप उणे पंधरा, उणे वीस सेल्सिअसला पण काम करतात. माझ्या कॉन्ट्रॅक्टरने मला न विचारता जुनंच मॉडेल आणि मोठी स्ट्रिप बसवली, भांडून काढायला लावली.

वाट्टेलते
म्हणजे चांगला हीट पंप घ्यायला आधी खिसा पाहिजे. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने काय करायचं? मालक टाकणार सगळ्यात स्वस्त स्ट्रिप, बिल भाडेकरूचं.

उलटा पंखा
हे बरोबर बोललात, एवढंच. त्यासाठी बांधकामाचे नियम कडक करा, भिंतीत इन्सुलेशन घाला. पण 'गॅस लावा' हे उत्तर नाही, त्या दिवशी सगळ्यात जास्त तोंडघशी पडला तो गॅस.

फ्यूजवायर
चार माणसं फर्नेसवर भांडतायत आणि ज्या मुद्द्यावर धागा काढला तो बाजूला. शेजारच्या ग्रिडशी जोडलं असतं तर वाचलो असतो, हेही आता कोणीतरी म्हणेल, म्हणून आधीच सांगतो. डिसेंबर २०२२ च्या थंडीत टेनेसी व्हॅलीवाल्यांनी (तिथली सरकारी वीज कंपनी) त्यांच्या इतिहासात पहिल्यांदा रोलिंग ब्लॅकआउट केले, आणि ते पूर्वेच्या अवाढव्य ग्रिडला जोडलेले आहेत. दुसऱ्या दिवशी कॅरोलिनामध्ये पण तेच. थंडी सगळीकडे एकदम आली की शेजारी काय देणार?

गारठलेला
टेनेसीत काय पडलं ते पण सांगा ना. कोळशाचं कंबरलँड केंद्र, दोन्ही युनिट. म्हणजे तिथेही थंडीची तयारी कमी पडली, मी पहिल्यापासून तेच म्हणतोय. आणि तिथे वीज काही तासांत परत आली, कारण शेजारी थोडं तरी देऊ शकले. टेक्सासला बाहेरून यायला दोर किती, तर पूर्वेकडून ८२० मेगावॉट. तोडावे लागले २०,०००.

फ्यूजवायर
बरं, तयारीचा मुद्दा घ्या, तो मी सोडतो. केंद्रांना सक्ती हवी, खर्च वाटून घेऊ. २०२१ च्या जूनमध्ये कायदा झालाय, जानेवारी २०२४ च्या थंडीत लोड तोडावा लागला नाही. आता तरी समाधान?

सबस्टेशन
नाही. केंद्रांची तपासणी सुरू झाली, चांगलं झालं. पण गॅसवाल्यांसाठी नियमाचा जो पहिला मसुदा आला त्यात १५० डॉलर भरून 'आम्ही अत्यावश्यक नाही' असं लिहून देऊन सुटायची सोय होती. आरडाओरडा झाला म्हणून तो बदलला. विहिरीपासून संचापर्यंतच्या साखळीत कोण कुठे तयार आहे हे वीजवाल्यांना आजही गॅसवाल्यांकडून मागून घ्यावं लागतं, कारण दोघांवर नजर ठेवणारी खाती वेगळी. फ्यूजवायर, खर्च वाटून घेऊ म्हणताय तर विहिरीवाल्याचा वाटा किती, ते आधी ठरवा.