नाचणीच्या बिस्किटात मैदा आणि ‘साखर न घातलेल्या’ म्युसलीत माल्टोडेक्स्ट्रिन : घटकसूची कशी वाचावी?

मृण्मयी_गोरेगाव

नमस्कार. आमच्या घरी मधुमेह असलेले सासरे आणि तिसरीत शिकणारी मुलगी या दोघांच्या खाण्याची सोय एकाच किराणा यादीतून करावी लागते. दोघांनाही चालेल अशा समजुतीने आम्ही नाचणीची बिस्किटे, साखर न घातल्याचा दावा करणारी म्युसली, प्रोटीन बार आणि स्ट्रॉबेरी स्वादाचे दही आणू लागलो. साध्या बिस्किटांच्या मानाने ही पाकिटे बरीच महाग असतात आणि सुपरमार्केटमध्ये त्यांची ‘हेल्दी’ अशी पाटी लावलेली वेगळी फळी असते, त्यामुळे त्यांच्याविषयी शंका घ्यावी असे कधी मनात आले नाही. सासऱ्यांची न्याहारीनंतरची साखर मात्र अपेक्षेपेक्षा जास्त येऊ लागली, तेव्हा पाकिटांच्या मागची बारीक अक्षरे मोबाईलवर फोटो काढून, मोठी करून वाचली.

नाचणीच्या बिस्किटांत पहिला घटक मैदा निघाला, नाचणीचे पीठ १२ टक्के आणि यादीच्या शेवटी रंग म्हणून आयएनएस १५०डी. म्युसलीत माल्टोडेक्स्ट्रिन आहे. प्रोटीन बारमध्ये ९६५ आणि ९५५ हे क्रमांक आहेत, तर दह्यात १४४२ आणि ‘नेचर आयडेंटिकल’ स्वाद. यांपैकी एकाही गोष्टीचा पाकिटाच्या दर्शनी बाजूवर उल्लेख नाही. हे कायद्याला धरून आहे का, यांतले काय खरोखर अपायकारक आहे आणि दुकानात उभ्या उभ्या पाकीट पारखायचे झाल्यास नेमके काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. ‘बाहेरचे काही आणूच नका’ हा सल्ला घरातून पुरेसा मिळाला आहे.

तळोज्याचा_अन्नतंत्रज्ञ

ताई, मी बेकरी उत्पादनांच्या गुणवत्ता विभागात काम करतो, त्यामुळे ही यादी मला रोज दुसऱ्या बाजूने दिसते. आपण सांगितलेले जवळजवळ सगळे कायद्याला धरून आहे.

‘एफएसएसएआय’च्या, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या, २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार पदार्थ बनवताना घातलेले घटक वजनाच्या किंवा आकारमानाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. ज्या घटकाचा शब्दांत किंवा चित्रात गाजावाजा केला आहे त्याची टक्केवारी द्यावी लागते, आणि नाचणीच्या कणसाचे चित्र समोर छापल्यामुळेच तो १२ टक्क्यांचा आकडा मागे आला आहे. ॲडिटिव्हच्या, म्हणजे रंग, दाटपणा, गोडी अशा कामांसाठी घातलेल्या द्रव्याच्या, बाबतीत त्याचे काम आणि त्याचे नाव किंवा आंतरराष्ट्रीय (आयएनएस) क्रमांक यांपैकी एक दिले तरी चालते, त्यामुळे कंपन्या साहजिकच क्रमांक निवडतात. ९५५ म्हणजे सुक्रालोज, ९६५ म्हणजे माल्टिटॉल, १४४२ म्हणजे दह्याला दाटपणा देणारा, रासायनिक प्रक्रिया केलेला स्टार्च आणि १५०डी म्हणजे अमोनिया व सल्फाइट यांच्या साहाय्याने बनवलेला कॅरॅमल रंग. कोला पेयांना तपकिरी रंग येतो तो याचाच.

आता या रंगाचे बिस्किटात काय काम, ते पाहा. नाचणीत ग्लूटेन, म्हणजे कणकेला चिकटपणा देणारे गव्हातील प्रथिन, नसते, त्यामुळे निव्वळ नाचणीची कणीक यंत्रावर लाटली जात नाही, तुटते, आणि भाजलेले बिस्किट पाकिटात भुगा होऊन जाते. म्हणून मैदा येतो. मैदा वाढला की बिस्किट पांढुरके दिसते आणि ग्राहकाला नाचणी ‘दिसत’ नाही, म्हणून रंग येतो. चरबी आणि पाणी एकजीव राहावे यासाठी लेसिथिन, म्हणजे ३२२, किंवा ४७१ क्रमांकाचे इमल्सिफायर येते. यांतले प्रत्येक ॲडिटिव्ह आपल्या मर्यादेत परवानगी असलेलेच आहे, पण नाचणीच्या बिस्किटात रंग घालावा लागला याचाच अर्थ रंग येण्याइतकी नाचणी त्यात नाही, आणि ग्राहकाच्या दृष्टीने खरी माहिती ती आहे. तोच निकष ब्राउन ब्रेडला लावून पाहा : कोंड्यासकट गव्हाचे पीठ पुरेसे असते तर कॅरॅमल कशाला लागला असता?

यादीत जे मुळीच दिसत नाही, त्याविषयीही सांगतो. एखाद्या घटकाबरोबर आलेले ॲडिटिव्ह अंतिम पदार्थात काही काम करण्याइतके उरत नसेल तर ते छापावे लागत नाही. निर्मितीप्रक्रियेपुरत्या वापरलेल्या द्रव्यांनाही हीच सूट आहे. कृत्रिम स्वादाचे नाव द्यावे लागते, पण नैसर्गिक आणि नेचर आयडेंटिकल स्वादांचा फक्त प्रकार सांगितला की भागते. नेचर आयडेंटिकल म्हणजे निसर्गात सापडणारा रेणूच, परंतु प्रयोगशाळेच्या मार्गाने तयार केलेला. बाजारातले बहुतेक व्हॅनिलिन असेच बनते. तेव्हा आपल्या दह्यात स्ट्रॉबेरी आहे की नाही हे स्वादाच्या ओळीवरून नव्हे, फळाच्या टक्केवारीवरून ठरवावे.

आहारतज्ज्ञ_दादर

सासऱ्यांच्या बाबतीत मला रंगापेक्षा माल्टोडेक्स्ट्रिनची काळजी वाटते, आणि या चर्चेत त्याच्याकडे दुर्लक्ष होऊ नये. ते बहुधा मक्याच्या स्टार्चचे तुकडे करून बनवतात. चव जवळजवळ नसते, परंतु पचताना त्याचे फार लवकर ग्लुकोज होते आणि रक्तातील साखर साखरेइतक्याच, किंबहुना काही वेळा तिच्याहून अधिक वेगाने वाढते. पोषणतक्त्यातील ‘साखर’ या ओळीत मात्र एक किंवा दोन एकक असलेल्या शर्कराच मोजल्या जातात, त्यामुळे माल्टोडेक्स्ट्रिन तिथे न येता एकूण कर्बोदकांत जमा होते. म्हणजे साखर न घातल्याचा दावा अक्षरशः खरा राहतो आणि ग्लुकोमीटर वेगळेच सांगतो. मधुमेही व्यक्तीसाठी पाकीट घेताना साखरेच्या ओळीवर न थांबता एकूण कर्बोदके आणि तंतू या दोन्ही ओळी पाहाव्यात, आणि आकडे १०० ग्रॅमसाठी आहेत की एका वाढणीसाठी, हेही तपासावे. ही वाढणी कित्येकदा इतकी लहान धरलेली असते की तेवढ्यावर सकाळी कोणाचेच पोट भरणार नाही.

प्रोटीन बारमधील माल्टिटॉल साखरेच्या साधारण निम्मी ऊर्जा देते आणि रक्तातील साखर काही प्रमाणात वाढवतेच, म्हणून ‘शुगर फ्री’ म्हणजे मोजमापाविना खाण्याचा परवाना नव्हे. शिवाय माल्टिटॉलसारखी गोड द्रव्ये, म्हणजे पॉलिऑल, जास्त खाल्ल्यास पोट फुगते व जुलाब होतात, आणि लहान मुलांमध्ये हे लवकर घडते. आपली मुलगी बार खाऊन पोट दुखल्याची तक्रार करत असेल तर ते शाळा बुडवण्याचे निमित्त असेलच असे नाही.

सुक्रालोज आणि इतर स्वीटनरविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये दिलेला सल्ला असा आहे की, वजन नियंत्रणात ठेवण्यासाठी साखरेऐवजी अशी द्रव्ये वापरू नयेत, कारण दीर्घ मुदतीत शरीरातील चरबी कमी झाल्याचे दिसत नाही. मात्र हा सल्ला आधीपासून मधुमेह असलेल्या व्यक्तींना लागू नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्पार्टेम हे दुसरे स्वीटनर ‘कर्करोगकारक असू शकेल’ अशा २बी गटात टाकले आणि व्हॉट्सॲपवर हलकल्लोळ झाला. पण त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली होती, हे त्या संदेशांत नव्हते.

पार्ल्याचा_शंकासुर

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, तरीही क्रमांक दिसला की विष समजणाऱ्यांसाठी थोडे लिहितो. १०० म्हणजे हळदीतील करक्युमिन, ३०० म्हणजे क जीवनसत्त्व आणि ३३० म्हणजे लिंबात असते तेच सायट्रिक आम्ल. क्रमांक ही नुसती ओळख आहे. रेल्वेच्या डब्यावर आकडा रंगवला म्हणून डबा धोकादायक ठरत नाही. ‘केमिकल फ्री’ असे लिहिलेल्या पाकिटाविषयी तर मला अधिकच संशय येतो, कारण पाणीसुद्धा रसायनच आहे.

जिथे पुरावा आहे तिथे तो मान्य करावा. २००७ मध्ये ब्रिटनमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट, म्हणजे २११, यांचे मिश्रण मुलांना देऊन पाहिले, तेव्हा मुलांची चंचलता वाढल्याचे आढळले. परिणाम सर्व मुलांत सारखा नव्हता, तरी युरोपीय संघाने जुलै २०१० पासून त्या सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापणे बंधनकारक केले. त्यांतील १०२ आणि ११० हे पिवळे रंग आपल्याकडे आजही चालतात. इमल्सिफायरबाबत २०१५ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगांत ४६६ आणि पॉलिसॉर्बेट ८० यांमुळे आतड्यातील जीवाणूंचा समतोल ढळून सूज वाढल्याचे दिसले; माणसांवरील प्रयोग अद्याप लहान आहेत, त्यामुळे तिथे मी ठाम बोलणार नाही.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो २०१९ चा अमेरिकेतील प्रयोग. वीस जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे अन्न, हवे तेवढे खाण्याची मुभा ठेवून दिले गेले. समोर ठेवलेल्या दोन्ही आहारांत साखर, चरबी, तंतू आणि मीठ यांचे प्रमाण सारखे होते, तरीही पहिल्या प्रकारात लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि त्यांचे वजन जवळपास एक किलोने वाढले. त्यामुळे एकेक क्रमांक गुन्हेगार म्हणून धरण्यापेक्षा तो पदार्थ एकूण कशाचा बनला आहे हे पाहावे, असे माझे मत आहे.

मृण्मयी_गोरेगाव

सर्वांचे मनापासून आभार. एक उपप्रश्न आहे. मुलीसाठी आता खजुराचे सिरप घातलेले, ‘रिफाइंड साखर नाही’ असे लिहिलेले बार सुचवले जात आहेत. ते तरी बरे का? आणि एखादा दावा उघड उघड खोटा वाटला तर मुंबईत दाद कुठे मागावी?

ग्राहक_चळवळ_परळ

मी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. पाकिटातील पदार्थाविषयी किंवा लेबलविषयी तक्रार असेल तर ती ‘एफएसएसएआय’च्या फूड सेफ्टी कनेक्ट या सुविधेवर नोंदवता येते किंवा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे नेता येते; त्याचे मुख्यालय वांद्रे पूर्वेला, वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. केवळ जाहिरातीतील दाव्याबद्दल आक्षेप असेल तर भारतीय जाहिरात मानक परिषद, म्हणजे ‘आस्की’, मुंबईतच आहे आणि ती सामान्य ग्राहकाची तक्रार विनामूल्य घेते. तक्रारीपूर्वी पाकीट फेकू नये. बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, चौदा अंकी परवाना क्रमांक आणि बिल यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि ‘हे फसवे आहे’ एवढेच न लिहिता समोरचा दावा कोणता व मागील कोणती ओळ त्याच्या विरोधात जाते ते मांडावे. असे मांडले नाही तर तक्रार मोघम म्हणून बाजूला पडते.

अशा तक्रारींनी काही होत नाही, असे मात्र समजू नये. दूध, धान्य किंवा माल्ट यांपासून बनणारी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गात विकू नयेत, असे एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना बजावण्यात आले. त्यानंतर जूनमध्ये, संहत, म्हणजे आटवून घट्ट केलेल्या, रसात पाणी मिसळून पुन्हा तयार केलेल्या रसांवरील ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढण्याचा आदेश निघाला. त्याच्याही आधी, २०१६ मध्ये, पावात वापरले जाणारे पोटॅशियम ब्रोमेट बंद झाले, आणि त्यामागे दिल्लीच्या एका पर्यावरणविषयक संस्थेने पावाचे नमुने तपासून प्रसिद्ध केलेला अहवाल होता.

आणखी एक सुचवावेसे वाटते. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून शेजाऱ्यांचे संघ करून महिन्याचे वाणसामान एकत्रित खरेदी करते. अशा संघातून अख्खी नाचणी घेऊन दळून आणणे शक्य असेल त्यांनी तो मार्ग जरूर पाहावा. चर्चगेटहून रात्री आठला गोरेगावात उतरणाऱ्या माणसाला चक्कीची पिशवी उचलायला सांगणे सोपे नाही, याची मला कल्पना आहे.

आहारतज्ज्ञ_दादर

खजुराच्या सिरपविषयी : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार मध, सिरप आणि फळांचा रस यांतील साखरही मोकळ्या साखरेतच मोजली जाते, आणि ती दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवायची असते. अख्खा खजूर तंतूंसह मिळतो, सिरपमध्ये ते जवळजवळ नसतात. तेव्हा मुलीच्या डब्यात बारऐवजी दोन खजूर आणि मूठभर शेंगदाणे दिले तर पैसेही वाचतील. दही साधे आणावे आणि त्यात केळे किंवा हंगामातील चिकू कापून घालावा; स्ट्रॉबेरीचा रंग नाही म्हणून पहिले काही दिवस ती कुरकुरेल.

सासऱ्यांची म्युसली लगेच फेकून देऊ नये. एके दिवशी ती मोजून घेऊन खाण्यापूर्वी आणि खायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी साखर तपासावी, दुसऱ्या दिवशी साध्या ओट्सचा किंवा ज्वारीच्या रव्याचा उपमा करून तसेच करावे आणि दोन्ही आकडे त्यांच्या डॉक्टरांना दाखवावेत. गोळ्यांची मात्रा मात्र या आकड्यांवरून घरी बदलू नये, विशेषतः साखर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर.