प्रतिसाद: साठीपुढच्यांना क्रूझ मानवेल का?
सांगलीच्या साठीपुढच्या जोडप्याला कॉर्डेलिया या मुंबईहून सुटणाऱ्या प्रवासी जहाजावरची धांगडधिंग्याची क्रूझ झेपेल का असं विचारलंय, मी म्हणेन बिनधास्त पाठवा. गाणीबजावणी पूलपाशी नि रात्रीच्या शोला जास्त, एरवी डेकवर निवांत बसता येतं, आमच्या काकू तर पहाटे चहाचा कप घेऊन रेलिंगपाशी उभ्या राहायच्या, काकांनी नाश्त्याला हाका मारल्या तरी हलायच्या नाहीत. फक्त केबिन खिडकीची घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील, आणि खालच्या डेकवर जहाजाच्या मधोमध, तिथं हेलकावे कमी लागतात. शनिवार-रविवार टाळा, पोरांचे ग्रुप असतात. जाणं पण सोपंय, सांगलीहून महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये रात्री बसलं की सकाळी मुंबईला सीएसएमटी, जहाज सुटतं तो बॅलार्ड पियरचा धक्का तिथनं जवळच. पावसाळ्यात मात्र नको हां, समुद्र खवळलेला असतो.