‘पाऊल आत कलतंय’ म्हणून बारा हजारांचे शूज: विज्ञान की विक्री?

तळजाई_पहाटे
पुण्यात हल्ली पळायचे शूज घ्यायला गेलं की आधी पावलाची कुंडली मांडतात. ट्रेडमिलवर दोन मिनिटं पळवायचं, मागून व्हिडिओ काढायचा, स्क्रीनवर घोट्यापाशी लाल रेघ मारायची आणि गंभीर चेहऱ्यानं सांगायचं, ‘सर, ओव्हरप्रोनेशन आहे,’ म्हणजे पाऊल प्रमाणाबाहेर आत कलतंय. उपाय त्याच दुकानात, वरच्या फळीवर, बारा हजारांपासून पुढे.

मुळात पाऊल टेकल्यावर थोडं आत कलतंच. कमान किंचित दबते, मग पुन्हा ताठ होते. धक्का पचवायची ती पावलाची रीत आहे, आजार नव्हे. डेन्मार्कमध्ये ९२७ नवख्या धावपटूंना, पाऊल कसंही असो, सरसकट साधे न्यूट्रल, म्हणजे आत कलणं न आवरणारे शूज दिले आणि वर्षभर लक्ष ठेवलं. निष्कर्ष २०१४ मध्ये आले. आत कलणाऱ्यांना जास्त दुखापती झाल्या नव्हत्या. हजार किलोमीटरमागे हिशेब केला तर उलट कमीच. अमेरिकी सैन्यात नव्या भरतीतल्या एका गटाला तळव्याचा ठसा बघून शूज दिले, दुसऱ्याला सगळ्यांना एकाच प्रकारचे. दुखापतींमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही.

म्हणून माझं मत: पावलाला त्याच्या चालीनं जाऊ द्या. घालून चार पावलं पळाल्यावर जो शूज विसरायला होतो, तो घ्या. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे संशोधक बेनो निग यांनी २०१५ मध्ये साधारण हेच मांडलं. त्यांच्या मते प्रत्येक शरीराची हालचालीची एक आवडती वाट असते आणि कुठला शूज त्या वाटेत येत नाही हे आरामावरून कळतं.

अनवाणी_आप्पा
अर्ध्यावर का थांबलात? शूजच कशाला हवेत? हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांचा २०१०चा ‘नेचर’मधला लेख बघा. लहानपणापासून अनवाणी पळणारे केनियातले लोक बहुतेक चवड्यावर उतरतात. टाच आपटणाऱ्याला जो पहिला तडाखा बसतो तो त्यांना जवळपास बसतच नाही.

आणि आपल्याच देशातलं घ्या. राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले, १९९२ मध्ये छापलं. पायात काही घालणाऱ्या मुलांत सपाट पाऊल ८.६ टक्के, अनवाणी मुलांत २.८. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० मध्ये रोमला ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकला. बारामतीच्या लताबाई करे नऊवारीत अनवाणी धावून जिंकल्या. अजून काय पुरावा पाहिजे?

पेठेतला_बाळ्या
एक शंका. कोल्हापुरी चालेल का? टाच-चवडा एका पातळीत, बोटांना ऐसपैस जागा, कुशन शून्य. ‘मिनिमलिस्ट’ म्हणून दहा हजारांना खपेल.

फिजिओ_कोथरूड
आप्पा, बिकिला १९६४ मध्ये टोकियोला शूज घालून धावले, पुन्हा जिंकले आणि रोमपेक्षा तीन मिनिटांनी लवकर आले. लताबाई धावल्या त्या आजारी नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे नव्हते म्हणून. त्यांच्या नाइलाजाला आपण बायोमेकॅनिक्स म्हणू नये.

लिबरमन यांनी तडाखा मोजला. दुखापती मोजल्या नाहीत. चवड्यावर उतरलं की भार नाहीसा होत नाही, गुडघ्यावरचा पोटरीवर आणि टाचेमागच्या अकिलिस शिरेवर जातो. खुर्चीत दिवस काढणाऱ्याची ती शीर आधीच आखडलेली असते. माझ्याकडे गुडघेवाल्यांइतकेच पोटरी धरून आलेले ‘नॅचरल रनर’ असतात, आणि त्यातले बरेच जण पहिल्याच रविवारी दहा किलोमीटर पळून आलेले.

अमेरिकेत २०१३ मध्ये ३६ धावपटूंवर अभ्यास झाला. त्यातले १९ जण हळूहळू पाच बोटांच्या पातळ शूजकडे वळले. दहा आठवड्यांनी त्या १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत एमआरआयवर सूज वाढलेली दिसली. तेच शूज विकणाऱ्या विब्रम कंपनीनं, पायाचे स्नायू बळकट होतात या जाहिरातीवरून झालेल्या खटल्यात २०१४ मध्ये साडेसदतीस लाख डॉलरची तडजोड केली. चूक मात्र कबूल केली नाही. म्हणजे ‘नैसर्गिक’ या शब्दाचीही विक्रीच चालते.

आणि मुलांच्या ठशांबद्दल: सपाट पाऊल म्हणजे दुखणारं पाऊल नव्हे. त्या अभ्यासात बंद बूट घालणाऱ्यांत प्रमाण जास्त होतं, चपला-सँडलवाल्यांत कमी. लहान मुलांना घरात अनवाणी खेळू द्या, एवढं मी रोज सांगते. पण त्यावरून चाळिशीतल्या माणसानं लॉ कॉलेज रोडवर अनवाणी पळावं हे निघत नाही.

आता तळजाई, तुम्हाला. लक्झेंबर्गचा २०१६चा अभ्यास तुम्ही सोयीनं वगळलात. ३७२ धावपटू, सहा महिने. निम्म्यांना साधे शूज, निम्म्यांना आत कलणं आवरणारे. दुसऱ्या गटात दुखापती कमी झाल्या आणि फायदा मुख्यतः आत कलणाऱ्यांनाच झाला. आणि निग यांनी आरामाची कल्पना मांडलीय, सिद्ध केलेली नाही.

तळजाई_पहाटे
वगळला नाही, त्याकडेच येत होतो. तिथे पाऊल उभं असताना हातानं, डोळ्यांनी, ठरलेल्या निकषांवर तपासलं होतं. आपल्याकडे जुन्या शूजमध्ये, जीन्स घालून, आयुष्यात पहिल्यांदा ट्रेडमिलवर चढलेल्या माणसाचं निदान विक्रेता करतो. त्या अभ्यासाची पुण्याई या रेघेला कशी लावता?

फिजिओ_कोथरूड
लावत नाहीच. रेघ वाईट आहे म्हणून मोजमापच निरर्थक, हे मात्र तुम्ही जोडलंत.

सिंहगड_रविवार
कामाचं बोलू का थोडं? वेताळ टेकडीचा मुरूम, नदीकाठचे पेव्हर ब्लॉक आणि उड्डाणपुलाचं काँक्रीट यांना एकच शूज पुरेल हा हट्ट आधी सोडा. दोन वेगळे जोड आलटून पालटून वापरणाऱ्यांना दुखापतीचा धोका कमी दिसला, तोही लक्झेंबर्गमध्येच, २०१५ला. संध्याकाळी खरेदीला जा, तेव्हा पाऊल थोडं सुजलेलं असतं. पळतानाचे मोजे न्या. पुढे अंगठाभर जागा ठेवा. आणि आप्पा, टेकडीवर बाभळीचे काटे आणि रात्रीच्या पार्ट्यांच्या काचा आहेत, ते केनियन अभ्यासात नव्हतं.

अनवाणी_आप्पा
काटे बघून पाय टाकायचा असतो. शूज घातले की माणूस खाली बघायचंच विसरतो.

फिजिओ_कोथरूड
आप्पा, तुम्हाला मधुमेह नसेल आणि तळव्याला नीट कळत असेल तर मैदानात, गवतावर पाच-दहा मिनिटांपासून सुरू करा. आधी काही आठवडे पायरीवर उभं राहून एकेका पायावर टाचा उचला. तळव्याला बधिरपणा असेल तर मात्र हा प्रयोग अजिबात नको, काटा रुतलेलाही कळणार नाही.

तळजाई_पहाटे
हे पटलं. पण पंचविशीच्या धडधाकट मुलाला ‘तुझ्या पावलात दोष आहे’ म्हणून घाबरवणं मला अजूनही मान्य नाही.

फिजिओ_कोथरूड
घाबरवू नये, कबूल. पण त्याच मुलाची नडगी दर पावसाळ्यानंतर पळणं वाढवलं की दुखत असेल, तर मी त्याचं पाऊल बघणार, त्यानं आठवड्याला किती किलोमीटर वाढवले तेही विचारणार, आणि वाटलं तर तुमच्या त्या वरच्या फळीवरचाच शूज सांगणार.