मदत हवी आहे: स्टेलारिसमध्ये परत शिरलोय, पण अडकलोय

मंडळी, स्टेलारिस हा अवकाशात साम्राज्य उभारायचा कॉम्प्युटर गेम खेळणारं कुणी आहे का इथे? २०१६ मध्ये आला तेव्हा रात्र-रात्र खेळलोय. तेव्हा ताऱ्याताऱ्यांमध्ये प्रवासाच्या तीन पद्धती होत्या, हवी ती निवडायची. २०१८ च्या २.० आवृत्तीत सगळ्यांना हायपरलेनच्या ठरलेल्या वाटांवर आणलं, तेव्हा रुसून सोडला. (आता वाटतं, बरंच झालं. वाटा ठरलेल्या असल्या की मोक्याच्या नाक्यावर तळ ठोकून बसता येतं.)

गेल्या महिन्यात परत सुरू केला आणि पार गोंधळलो. मिश्रधातूंच्या नादात भट्ट्यांवर भट्ट्या उभारल्या, आरमार झकास झालं. मग वरच्या पट्टीत ग्राहकवस्तूंचा आकडा लाल झाला, स्थिरता घसरली आणि गेममधलं २२४० साल उजाडेपर्यंत घरच्याच ग्रहावर बोंबाबोंब! शेजाऱ्याला काही करावंच लागलं नाही.

२०२५ च्या ४.० मध्ये लोकसंख्येची मांडणी बदलली, ती तुम्हाला पटली का? की स्टीमवरून (गेमच्या ऑनलाइन दुकानातून) जुनी आवृत्ती लावून खेळताय? खेळातल्या शेवटच्या शतकात गेम रांगायला लागायचा, त्यात खरंच फरक पडलाय? माझा लॅपटॉप म्हातारा आहे, म्हणून विचारतोय.

आणि डीएलसींचा (वेगळे विकत घ्यायच्या जोडभागांचा) ढीग बघून डोळे फिरले. एकच घ्यायची तर कोणती? बरेच जण युटोपिया म्हणतात, पण मला लढाईपेक्षा वाटाघाटी आवडतात, मग फेडरेशन्स घेऊ का?

यूट्यूबच्या लिंका नकोत, स्वतः खेळलेल्यांनीच सांगा.