ऊन पडलं म्हणजे उतारावरचा बर्फ घट्ट बसला असं नाही
"बर्फ पडून दोन दिवस झाले, ऊन आहे, आता जायला हरकत नाही" असं बर्फाळ डोंगरात जाण्याबद्दल म्हटलं जातं. हिमस्खलनाचा, म्हणजे उतारावरचा बर्फ सुटून कोसळण्याचा धोका पाहता हे म्हणणं मला काळजीचं वाटतं. ताजा बर्फ दोन दिवसांत बराचसा बसतो, हे खरं. पण धोका बरेचदा त्याच्या खाली असतो. कडाक्याच्या थंडीत जुना पातळ थर आतल्या आत रवाळ होतो. खड्डा खणून ते कण हातात घ्या: साखरेसारखे बोटांतून गळतात, गोळा काही वळत नाही. असा थर कित्येक आठवडे टिकतो. त्यावर वाऱ्याने आणलेला घट्ट थर साचला की 30 ते 45 अंशांच्या उतारावर तो सुटायला एका माणसाचं वजनही पुरतं.

पायाखाली 'धप्प' आवाज होऊन बर्फ खचला किंवा भेगा पळत गेल्या, तर कृपया तिथूनच मागे फिरा. आणि हो, खालच्या सपाटीवरून चालतानाही वरच्या उतारावरचा बर्फ सुटू शकतो.

हिमस्खलनाचा इशारा 5 पैकी 3 असला तर तो 'मधला' समजू नका, सर्वाधिक बळी याच पातळीवर जातात. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव लावणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे हवंच. गाडला गेलेला माणूस वाचण्याची शक्यता पहिल्या 10-15 मिनिटांनंतर झपाट्याने घटते, तेवढ्यात बाहेरची मदत पोहोचत नाही.